टेबलाच्या पलीकडून

रविवार, शाळा सुटल्यावर

तीर्थरूप आणि तूर्त पलंगरूप मावशीस,

शलोम. पाय कसा आहे असं विचारत नाही. तो कप्पीला टांगलाय आणि खाली वजन लोंबतंय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले आहे. या वयात स्टुलावर चढून भिंतीवर अक्षरांची माळ लावायला कोणी सांगितलं होतं, असंही विचारत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ऐकू आल्यासारखं 'हो हो' करतेस, म्हणून हे पत्र. शाळेचे गाडीवाले काका दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत राहतात. जाता-येता टपाल पोचवीन म्हणाले. अट एकच, पत्रात त्यांच्या ब्रेक मारण्याविषयी काही लिहायचं नाही.

तर शनिवारची शब्बाथची सुट्टी संपली आणि तुझा दुसरीचा वर्ग आठवडाभर माझ्या गळ्यात पडला. वरच्या वर्गांना अपूर्णांक शिकवणारी बाई सात वर्षांच्या पोरांना हिब्रू वाचन शिकवणार, हे ऐकून शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना एकदम चहाचा ठसका लागला. लागू दे. शुक्रवारी पुस्तकाचा दिवस आहे हे मी विसरलेले नाही. पालकांसमोर एकेक मूल पुढे येणार, मोठ्या बाई प्रार्थनेचं कोरं पुस्तक मधूनच कुठेतरी उघडणार, मुलानं कधी न पाहिलेली ओळ वाचायची आणि पहिल्या पानावर आपलं नाव असलेलं ते पुस्तक आयुष्यभरासाठी घरी न्यायचं. मी नेलं तेव्हा माझी बाई तूच होतीस, आणि भर वर्गात 'मावशी' अशी हाक मारली म्हणून मला कोपऱ्यात उभं केलं होतंस.

वर्गात मुलं अकरा, आणि खोक्यात पुस्तकं दहा. मी पडले गणिताची, मला आधी तेच दिसलं. मोठ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मिरीचं मागवलंच नाही. तुमच्या मावशींनीच सांगितलंय, तिला वाचता येत नाही. तिला परत पहिलीत बसवायचंय."

मिरी म्हणजे ती शेवटच्या टेबलावर एकटी बसते तीच ना? दोन घट्ट वेण्या, मिऱ्याच्या दाण्याएवढी, आणि तेवढीच तिखट? आज मधल्या सुट्टीत तिनं माझं बंद पडलेलं मनगटी घड्याळ मागून घेतलं, कानाशी धरलं, कडेला दोन टिचक्या मारल्या आणि चालू करून परत दिलं. मावशी, या मुलीला वाचता येत नाही हे माझ्या गळी उतरत नाही. मला शुक्रवारी अकरा पुस्तकं वाटायची आहेत. कसं ते तू सांग.

तुझी, गणितवाली भाची


सोमवार, सकाळी

चि. गणितवालीस आशीर्वाद, आणि सोबत एक ताकीद.

घड्याळाला टिचकी मारणं म्हणजे वाचन नव्हे. मिरीचे आजोबा घड्याळजी आहेत, तिला ते येणारच. आईबाप कामासाठी दूर असतात आणि हे आजोबा-नात दोघंच इथे राहतात.

मुलीशी मी वर्षभर डोकेफोड केली आहे. रोजच्या प्रार्थना विचार, घडाघडा म्हणते. आधी मीही भुलले. मग एक दिवस बघते तर बाईसाहेबांच्या हातात पुस्तक उलटं! उलटं पुस्तक डोळ्यांसमोर धरून गाडी सुसाट चाललेली. आजोबांनी घोकून घेतलंय, दुसरं काय? हातच्या कांकणाला आरसा कशाला? पुस्तक सरळ करून दिलं की तोंडाला कुलूप. फळ्यावर शब्द लिहिला तर ही बाकावरून उठते, पाठ फिरवते, वाकते आणि दोन पायांच्या मधून फळ्याकडे बघते. सगळा वर्ग खिदळतो. म्हणून तिला शेवटच्या टेबलावर एकटीला बसवलं. तसाही अकराला दोनानं भाग जात नाही, तुला तरी ते कळायला हवं.

शुक्रवारी न पाहिलेली ओळ समोर आली की पोपटपंची काय कामाची? म्हातारा पहिल्या रांगेत बसणार आणि त्याच्यासमोर नातीचं तोंड मिटलेलं राहणार. ते मला बघवायचं नाही. पहिलीत परत बसवणं ही शिक्षा नव्हे. पी हळद अन् हो गोरी, असं वाचन येत नसतं. तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी ओतत बसू नकोस आणि उरलेल्या दहांकडे लक्ष दे.

त्यांत एक 'वकील' आहे, चष्म्याचा. तो प्रत्येक वाक्याला हरकत घेईल. त्याला गप्प करू नकोस. आपल्या शाळेत प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवायचं नसतं, आपलं डोकं कितीही उठलं तरी. मुलांना जोडीनं बसव, मोठ्यानं वाचू दे, एकमेकांशी भांडू दे. भांडल्याशिवाय आपल्याकडे कोणी काही शिकलेलं नाही.

शेजारच्या पलंगावर मनगट मोडलेल्या एक कंडक्टरबाई आहेत, बसमधून निवृत्त झालेल्या. तुझं पत्र त्यांनी मान लांब करून माझ्या आधी वाचून संपवलं. त्यांचं मत तुझ्या बाजूनं पडलं आहे. पण त्यांना विचारतंय कोण?

वजन टांगलेली, मावशी


सोमवार, संध्याकाळी

मावशी,

तुझी ताकीद वाचली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली.

आज शाळा सुटल्यावर मिरीला थांबवून घेतलं. शेजारी बसवलं, सोपं पान काढलं, पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. ती एकेका अक्षराशी थांबत होती. ओठ हलायचे, बोट मागे-पुढे व्हायचं, आणि मग चुकीचंच काहीतरी बाहेर पडायचं. दोन शब्दांत दोघींना घाम फुटला.

"मिरी, तुला वाचता येतं का गं?"

"येतं." अगदी ठाम.

"मग वाच ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक फिरवायला हात पुढे केला. मी म्हटलं, "अंहं, सरळच ठेव बाळा." झालं. डोळे काठोकाठ भरले आणि वेणीचं टोक तोंडात गेलं. 

माझं मत असं झालं आहे की तिचे डोळे तपासायला हवेत. अक्षरं तिला धूसर दिसत असणार. फळ्याकडे ते वाकडंतिकडं होऊन बघणं त्यातलंच असेल. मोठ्या बाईंशी बोलले. पुस्तकांवर डकवायच्या नावांच्या चिठ्ठ्या बुधवारी छापायला जातात, तोपर्यंत मुलगी वाचून दाखवा म्हणाल्या. दाखवीन. हट्टीपणा मी कोणाकडून उचलला, हे आईला विचार. ती तुझंच नाव घेते.

भाची


मंगळवार, सकाळी

चि. हट्टीस,

डोळे? जी पोरगी आजोबांना केसाएवढा स्क्रू चिमट्यानं उचलून देते, तिचे डोळे अधू? कंडक्टरबाईसुद्धा हसल्या, आणि त्या तुझ्या पक्षाच्या आहेत.

मी इतकी वर्षं या एकाच वर्गाला वाचायला शिकवत आले. कोणतं मूल वाचतंय आणि कोणतं ओठ हलवतंय, हे मला पाठमोरी असतानाही कळतं. इथे माझी चूक होत नाही. राग येऊ देऊ नकोस, पण तुझ्या दयेपायी ती पोर शुक्रवारी सगळ्यांसमोर रडेल आणि तुला आयुष्यभर विसरणार नाही. आजोबांना आजच नीट समजावून सांग. मोकळी हो.

आपल्या धर्मग्रंथाचा, तोराचा, या आठवड्याचा भाग मात्र मुलांकडून करून घे. म्हातारे आजोबा दोन्ही नातवांना आशीर्वाद देतात तो. डोळे गेलेले, मुलानं नातवंडं नीट बघून त्यांच्यापुढे उभी केलेली, मोठा आशीर्वाद उजव्या हाताचा, म्हणून थोरला उजव्या हाताला, धाकटा डाव्या. आणि म्हातारा हातांची फुली करून उजवा हात नेमका धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो. मुलगा हात धरून सरळ करायला जातो, तर बाप म्हणतो, मला ठाऊक आहे. मुलांना हे नाटक फार आवडतं. कपाटात दाढी आहे, कापसाची. एका बाजूनं उंदरांनी खाल्ली आहे, ती बाजू भिंतीकडे कर.

मावशी


बुधवार, संध्याकाळी

मावशी, आधी आडवी हो. आडवीच आहेस म्हणा. मग पाण्याचा ग्लास लांब ठेव आणि वाच.

सकाळी नाटक केलं. आजोबा कोण होणार म्हटल्यावर मिरीचा हात वर. दाढी लावून खुर्चीत बसली, डोळे मिटले, मान किंचित हलवायला लागली. हुबेहूब म्हातारा. वकील तिचा मुलगा झाला. त्यानं दोन नातवंडं उभी केली, मिरीनं हातांची फुली केली, वकिलानं तिचं मनगट पकडलं. मिरी दाढीतून म्हणाली, "ठाऊक आहे मला, बाळा. ठाऊक आहे." इतक्या सावकाश आणि इतक्या मायेनं म्हणाली की खिदळणारी पोरं पुढे सरकून ऐकायला लागली.

मग वकिलाची हरकत. "बाई, थोरल्याला मी माझ्या डाव्या हाताला उभं केलं. मग तो यांच्या उजव्या हाताला कसा?" मी गणितवाली खूश. खडूनं जमिनीवर आकृती काढली. समोरासमोर बसलं की तुझं डावं ते माझं उजवं. वकिलानं तीन वेळा इकडून तिकडे जाऊन खात्री करून घेतली.

त्यानंतर तू म्हणतेस तशा जोड्या लावल्या. निम्मी वाचनपुस्तकं शिवायला गेली आहेत, म्हणून दोघांत एक. मिरीला त्या शेवटच्या टेबलावर एकटी ठेवायला मन होईना. तिला वकिलाच्या टेबलावर तिसरी म्हणून बसवलं. त्या बाकावर दोघंच मावतात, म्हणून ती खुर्ची ओढून पलीकडच्या बाजूला बसली. पुस्तक वकिलाच्या पुढ्यात. मी दुसऱ्या टेबलाशी होते, तेवढ्यात आवाज आला.

"बाई, हरकत आहे!"

"आता काय?"

"पुस्तकाचं तोंड माझ्याकडे आहे. ही तिकडून वाचतेय, आणि तरी माझ्या आधी वाचतेय. हे चालतं का?"

मावशी, मी तिथे जाऊन उभी राहिले. मिरी वाचत होती. थांबत नव्हती, चाचपडत नव्हती, ओढ्याच्या पाण्यासारखी चालली होती. मला वाटलं पाठ असेल. शुक्रवारच्या खोक्यातलं कोरं पुस्तक आणलं, ज्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. मधूनच उघडलं, माझ्याकडे तोंड करून ठेवलं आणि तिला पलीकडे बसवलं. तिनं अख्खं पान वाचलं. पहिली ओळ तिच्या पोटाशी, शेवटची माझ्यापाशी. हिब्रू आपण उजवीकडून डावीकडे वाचतो, पण तिच्या बाजूनं बघितलं तर ओळ डावीकडून उजवीकडे जाते, आपण रोजच्या वहीत लिहितो तशी. मी म्हटलं, "मिरी, तुला हे उलटं नाही वाटत?"

ती म्हणाली, "उलटं तुमच्याकडून आहे."

शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर घरी गेले. दुकान आणि घर एकच, बोळाएवढं. घड्याळं दुरुस्त करायचं टेबल एका बाजूनं भिंतीला आणि दुसऱ्या बाजूनं कपाटाला टेकलेलं. आजोबा एकीकडे, नात दुसरीकडे, दुसरी जागाच नाही. काम आटोपलं की आजोबा आपलं जुनं जाड पुस्तक काढतात. त्याचा कणा मोडलाय, जास्त हलवलं तर पानं सुटतात. ते आपल्यापुढे ठेवून एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचायचे, आणि ही समोर बसून त्या बोटामागून जायची. हल्ली त्यांना बारीक दिसत नाही, घड्याळातलंही बारीक काम हीच करते. आता सवयीनं फिरणारं बोट त्यांचं आणि वाचन हिचं.

मी सांगितलं तेव्हा त्यांना काही उमजेना. म्हणाले, "मी कुठे शिकवलं हो? ती आपली ऐकायला बसायची. आणि पुस्तक उलटं कसं? ते तर माझ्यासमोर सरळच असतं."

पायांच्या मधून ती फळा वाचत होती, मावशी. फळा फिरवता येत नाही म्हणून बिचारी स्वतः फिरत होती, आणि आपण त्याला माकडचेष्टा म्हणत होतो. मीही सोमवारी तिला 'सरळच ठेव' म्हणाले. मला स्वतःचा इतका राग आला आहे!

आता अडचण ऐक. मोठ्या बाईंना सगळं दाखवलं. त्या म्हणाल्या, "वाचते, कबूल. पण भरल्या सभागृहात पुस्तक उलटं धरून? लोक हसतील, आणि पोरीला जन्मभराचं नाव पडेल. वर्षभर थांबू, सरळ वाचायला शिकेल, मग देऊ. शिवाय तिला वर्षभर शिकवणाऱ्या बाईंचा शब्द मी कसा मोडू? त्यांनी हो म्हटलं तर माझी ना नाही." चिठ्ठ्या उद्या दुपारपर्यंत थांबवल्या आहेत.

तेव्हा चेंडू तुझ्याकडे आहे. एक ओळ लिही. फक्त एक.

भाची


गुरुवार, सकाळी

पत्र पोचलं. रात्री पायाचं वजन वाढवलं आहे. दुखतं आहे. आज काही लिहिता येणार नाही.

मावशी


गुरुवार, दुपारी

मावशी,

पाय दुखतो तर पायानं लिहायला मी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठ्या छापायला गेल्या. दहा. मी मोठ्या बाईंपुढे किती वेळ उभी होते, ते सांगत नाही. त्या वाईट नाहीत, तुझ्या शब्दाला धरून आहेत, एवढंच. दुपारी मिरीनं विचारलं, "बाई, माझं पुस्तक कोणत्या रंगाचं?" मी म्हटलं, निळं. सगळ्यांचीच निळी आहेत, पण मी मुद्दाम विचार केल्यासारखं करून सांगितलं. तोंडातून गेलं आहे, आता माघार नाही.

तू लिही किंवा नको लिहूस. उद्या ती सभागृहात वाचणार आहे. पुस्तक नसेल तर मी माझं देईन, तू मला दिलेलं, तुझ्या अक्षरातलं माझं नाव असलेलं. पुढे माझं काय व्हायचं ते होऊ दे, अपूर्णांक कुठेही शिकवता येतात.

तू चुकलीस म्हणून मला वाईट वाटत नाही. चूक तर मीही केली. तू गप्प बसलीस, याचं वाटतं. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवायचं नाही, हे मला कोणी शिकवलं? उत्तर न देणं म्हणजे तेच की.

काका फाटकाशी हॉर्न वाजवताहेत.

भाची


शुक्रवार, भल्या सकाळी

चि. भाचीस,

बोललीस ते बरं केलंस. आता माझं ऐक.

पाय दुखत होता हे खरं, पण लिहिलं नाही ते त्याच्यामुळे नाही. तुझं बुधवारचं पत्र वाचून मी चिडले. असं कुठे असतं का, म्हटलं. काल दिवसभर तोंड फिरवून पडून राहिले. संध्याकाळी तुझं दुसरं पत्र आलं, ते कंडक्टरबाईंनी नेहमीप्रमाणे वाचलं आणि मला म्हणाल्या, "बाई, एवढं आहे तर तुम्हीच वाचून बघा की पलीकडून. तिकीट लागत नाही."

त्यांनी जेवणाचं सरकतं टेबल आमच्या मधे ओढलं, माझं प्रार्थनेचं पुस्तक आपल्याकडे तोंड करून ठेवलं आणि उघडलं. मी भराभर म्हणून दाखवलं. "बघा," म्हटलं, "त्यात काय आहे?" त्या म्हणाल्या, "तुमचे डोळे तर छताकडे होते." मग त्यांनी उगीच मागचं एक पान काढलं, जे मी वर्षानुवर्षं उघडलेलं नाही. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण मी कुठे अडकते ते बरोबर कळत होतं. दुसऱ्या शब्दाला माझी बोबडी वळली. अक्षरं मला ओळख देईनात. पोरी, मी पुरती पहिलीत गेले.

पाठ मला होतं गं. वाचत ती होती. पोपट म्हणून मी तिला शेवटच्या टेबलावर बसवलं, आणि रोज तिच्या हातातलं पुस्तक सरळ करून तिची वाट बंद केली. मला रडू आलं. लाज वाटली, अजून वाटते आहे. कंडक्टरबाईंनी चांगल्या हातानं माझं नाक पुसलं, तेही जरा जोरातच.

आता काम. मोठ्या बाईंना वेगळी चिठ्ठी सोबत आहे, माझा शब्द मी मागे घेतला आहे. त्यात दोन ओळी जास्त लिहिल्या आहेत, त्या तू वाचायच्या नाहीत. अकरावं पुस्तक माझ्या कपाटात खालच्या खणात आहे. दर वर्षी एक जास्तीचं ठेवते. छापील चिठ्ठी नाही म्हणून मिरीचं नाव मी हातानं लिहून पाठवते आहे. तीन कागद फाडून चौथ्यावर नीट आलं. पहिल्या पानावर डकव, आणि बाळा, सरळ डकव.

आणि तिला एकटीला पुस्तक उलटं धरून उभी करू नकोस. लोक तेवढंच बघतील. टेबल मांड, आजोबांना बसव, पुस्तक त्यांच्यापुढे सरळ ठेव आणि तिला पलीकडे उभी कर. जसं घरी, तसं. हसणाऱ्याला हसू दे. आज शब्बाथ लागायच्या आत मला कळव, एकदा लागला की ना लिहिणं ना गाडी, नाहीतर रविवारपर्यंत माझा जीव टांगणीला. पाय तर आहेच.

मावशी


शुक्रवार, दुपारी

मावशी, मावशी, मावशी,

सूर्य बुडायच्या आत काकांना घरी पोचायचंय, म्हणून घाईत लिहिते. अक्षराकडे बघू नकोस.

तुझी चिठ्ठी मोठ्या बाईंनी दोनदा वाचली. मग स्वतः उठल्या आणि शिपायाला हाक न मारता माझ्याबरोबर टेबल उचलायला लागल्या. काय लिहिलं होतंस त्या दोन ओळींत? बरं, नाही विचारत.

सभागृह भरलं होतं. एकेक मूल आलं. वकिलानं आपली ओळ वाचली आणि ती पुरेशी अवघड नाही म्हणून दुसरी मागितली. दहा झाली. मग मी जाऊन घड्याळजी आजोबांना हात धरून पुढे आणलं. ते कोट घालून आले होते आणि कोटाच्या वरच्या खिशात अजून चिमटा होता. त्यांना खुर्चीत बसवलं. मिरी टेबलाच्या पलीकडे उभी राहिली, पालकांकडे पाठ करून. मागच्या रांगांत कुजबूज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "मुलीला उलटी का उभी केली?" एक-दोघं हसलेही. मी जागची हलले नाही.

मोठ्या बाईंनी पुस्तक उघडलं आणि आजोबांपुढे ठेवलं. आजोबांनी चाचपून पानाची कड शोधली आणि बोट टेकवलं. मिरीनं सुरुवात केली. तीन शब्द झाले आणि ती थांबली.

मावशी, तो क्षण मी तुला सांगू शकत नाही.  मला तुझं मंगळवारचं पत्र आठवलं, मी हिला सगळ्यांसमोर रडवणार म्हणून लिहिलेलं.

मिरी वाकली आणि हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजोबा, बोट."

त्यांचं बोट शब्दाखाली नव्हे, शब्दावरच टेकलं होतं, शब्दच झाकला होता! त्यांना दिसलं नव्हतं. तिनं ते उचलून एक ओळ खाली, म्हणजे तिच्या बाजूनं एक ओळ वर, नेऊन ठेवलं आणि पुढे वाचायला लागली. एक ओळ संपली. मोठ्या बाई थांबवणार होत्या, पण तिला कोणी थांब म्हणून शिकवलंच नाहीये. ती पान संपेपर्यंत वाचत गेली. आजोबांचे ओठ तिच्यामागून हलत होते. मागच्या रांगा आता उभ्या होत्या, हसायला नव्हे, दिसावं म्हणून. वकील माझ्या कानात म्हणाला, "बाई, माझी हरकत मागे."

मोठ्या बाईंनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. मिरीनं लगेच तुझ्या हातचं हिब्रूतलं नाव बघायला पहिलं पान उघडलं, आणि उघडल्या उघडल्या पुस्तक गर्रकन उलटं फिरवलं. सवय! मोठ्या बाईंचा हात आपसूक पुढे झाला, सरळ करायला.

मिरीनं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. सावकाश, मान किंचित हलवत, अगदी दाढीतल्या आवाजात म्हणाली, "ठाऊक आहे मला, बाई. ठाऊक आहे."

हॉर्न. शब्बाथ शलोम, मावशी. अकरा वाटली. मोजून घेतली.

भाची


रविवार, सकाळी

चि. भाचीस अनेक आशीर्वाद. ताकीद नाही.

तुझं पत्र शुक्रवारी उजेड असतानाच पोचलं. मी वाचलं, मग कंडक्टरबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण या वेळी त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि त्यांना चोरून वाचता येईना. काल दिवसभर पडल्या पडल्या तेच मनात घोळवत होते.

पाय खाली यायला अजून बराच अवकाश आहे. तोवर वर्ग तूच सांभाळ. ते शेवटचं टेबल मात्र काढून टाक, आणि उद्यापासून रोज शाळा सुटल्यावर काकांना सांगून मिरीला माझ्याकडे पाठव. आजोबांनाही गाडीत घे. कंडक्टरबाईंचं घड्याळ मागे पडतं. आमच्या मधे सरकतं टेबल आहे. अर्धा वेळ पुस्तक तिच्याकडे तोंड करून, अर्धा वेळ माझ्याकडे. ती मला पलीकडून वाचायला शिकवील, मी तिला अलीकडून. तिला सांग, तुला जोडी मिळाली आहे. वयानं जरा मोठी आहे, आणि अजून पहिलीतच आहे.

तिनं आपलं पुस्तक आणावं. माझं मी देणार नाही, मला सराव करायचा आहे.

मावशी